प्रेक्षकाचें विद्यापीठ

पावसाळा ओसरूं लागला, मांजरेचें गढूळ पाणी निवळूं लागलें आणि गौरी-गणपति आपापल्या गांवीं परतले, म्हणजे आमच्या कळंबांत ज्या ज्या घरीं महाविद्यालयांत जाणारें मूल आहे, त्या त्या घरीं एक चर्चा हटकून सुरू होते. युवक महोत्सव कधीं, निवड कोणाची झाली, बरोबर कोण जाणार, आणि मुख्य म्हणजे परीक्षेचें काय? या सदराचा रिवाज असा कीं, या महिन्यांत आम्ही विद्यानगरीच्या आगामी समारंभांची यादी वाचकांपुढें ठेवितों. यंदाहि ती ठेवणारच आहों. परंतु यंदा त्या यादींतील एक कलम आमच्याच माजघरांत येऊन बसलें आहे; तेव्हां प्रथम घरचें गाऱ्हाणें आणि मग बाहेरचीं निमंत्रणें, हा क्रम वाचकांनीं चालवून घ्यावा.

विद्यानगरी म्हणजे आमच्या लेखीं छत्रपति संभाजीनगर. २०२३ सालापर्यंत कागदोपत्रीं औरंगाबाद. केज, मांजरसुंबा, बीड असा मार्ग धरला तर कळंबाहून तें दोनशे किलोमीटरांच्या आसपास पडतें. तेथील विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजीं झाली. तत्पूर्वीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत असतांना आमच्या वडिलांच्या पिढीस पदवीसाठीं हैदराबाद गांठावें लागे; तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ चें, आणि शिक्षण सारें उर्दूंत. १९९४ सालीं नांदेडास वेगळें विद्यापीठ निघालें, आणि तेव्हांपासून संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे या जुन्या विद्यापीठाकडे राहिले. धाराशिवास २००४ पासून त्याचें उपकेंद्रहि आहे. सारांश, कळंबचें मूल पदवीधर झालें तर त्याच्या प्रमाणपत्रावर शिक्का याच विद्यापीठाचा उमटतो.

आम्ही स्वतः मात्र तेथले विद्यार्थी कधींच नव्हतों. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील विहिरींनीं तळ दाखविला, बैल मातीमोल विकले गेले, आणि चांगल्या खात्यापित्या घरचीं माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं आम्ही जुन्या अकरावीची परीक्षा उतरलों. गुण बरे होते. संस्कृतांत तर फारच बरे होते. परंतु वडिलांनीं एका संध्याकाळीं अंगणांत बसून हिशेब मांडला आणि कांहीं न बोलतां पाटी पुसली, त्यावरून आम्ही काय तें समजलों. पुढें अध्यापनाची पदविका घेऊन मास्तरकी धरली आणि शास्त्रीबोवांकडे बसून संस्कृताची भूक थोडीफार भागविली. विद्यापीठाची कमान आम्हीं प्रथम पाहिली ती नोकरीस लागून बरींच वर्षें लोटल्यावर. पुतण्याची एकांकिका होती, तिला प्रेक्षक म्हणून. दाराशीं आमचे पाय घुटमळले. कोणी तरी अडवील, तुम्ही येथील कोण असें विचारील, अशी धास्ती होती. कोणींहि अडविलें नाहीं. एका विद्यार्थ्यानें उलट खुर्ची पुढें सरकविली आणि म्हणाला, "बसा काका." त्या दिवशीं आम्हांस जें कळलें तें हें कीं, विद्यार्थ्यास प्रवेशअर्ज लागतो, परीक्षकास नेमणूक लागते, प्रेक्षकास यांतील कांहींएक लागत नाहीं. ज्यांस विद्यापीठानें घेतलें नाहीं, किंवा दैवानें जाऊं दिलें नाहीं, त्यांच्यासाठीं तें आपलें एक दार उघडें ठेवितें, आणि तें दार म्हणजे सभागृहाचें.

आतां घरचें गाऱ्हाणें. आमची धाकटी नात पदवीच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिच्या महाविद्यालयाच्या चमूंत प्रहसनासाठीं तिची निवड झाली. भरतनाट्यम् असतें, निदान सुगम गायन असतें, तर घरांत पेढे वांटले गेले असते. प्रहसन म्हटल्यावर माजघर गंभीर झालें. आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या घरांतल्या, त्यांनीं जपाची माळ खालीं ठेविली आणि म्हणाल्या, "पोरीनें सोंग घ्यायचें, तेंहि म्हाताऱ्या पुरुषाचें, आणि लोकांनीं फिदीफिदी हंसायचें! भावजी, मास्तरांच्या घरांत एवढेंच बाकी राहिलें होतें." चिरंजीवांनीं आक्षेप घेतला तो निराळा: सत्र परीक्षा तोंडावर आली आहे, दोन आठवडे तालमींत घालविल्यास गुण कोण भरून देणार? सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत, पण भाकरी जरा जोरानें थापूं लागल्या. त्यांचें मत कोणत्या बाजूस आहे हें त्यावरून आम्हांस समजलें.

रात्रीं नात आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, एक सांगूं का? प्रहसन आम्हीं मुलांनींच लिहिलंय. त्यांत एक निवृत्त मास्तर आहेत. ते लग्नपत्रिका वाचतांना अनुस्वार तपासतात, भाजीवाल्याच्या पाटीवर लाल खूण करतात, आणि कोणीहि कांहींहि सांगूं लागला कीं चष्मा काढून पुसत 'पुढें?' असं विचारतात. तें पात्र मी करतेय." मग अंमळ थांबून म्हणाली, "तुम्हांला राग येईल का?"

चष्मा आमच्या हातांत होता आणि दुसऱ्या हातांत पंच्याचें टोंक होतें. उत्तर द्यावयास आम्हांस थोडा वेळ लागला, आणि त्याचें कारण ती नव्हती.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. एका शाळेंत आम्ही नवीन होतों आणि नव्या मास्तराची जी ऐट असते ती आमच्या अंगांत पुरेपूर होती. स्नेहसंमेलनांत आठवीच्या एका मुलानें सर्व गुरुजनांच्या नकला केल्या. आमची पाळी आली तेव्हां त्यानें कागदाचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोंकानें पुसला आणि नुसतें "पुढें?" एवढेंच म्हटलें. सारें पटांगण लोटपोट झालें. आम्हीहि त्या वेळीं हंसलों. चार लोकांत दुसरें काय करणार? पण दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्याला उभें केलें, छडी हातांत घेतली आणि म्हटलें, "आतां कर नक्कल." तो गप्प उभा राहिला. मग आम्हीं त्याचें नांव शाळेच्या नाटकांतून काढून टाकलें. त्यानें तक्रार केली नाहीं. त्याच्या बापानें तर आमचे आभारच मानले. तो पुन्हां रंगमंचावर चढला नाहीं. आज त्याचें बाजारांत किराण्याचें दुकान आहे. दोन वर्षांपूर्वीं आठवडी बाजाराच्या दिवशीं आम्ही तिकडून जात असतां दुकानांतून हंशाचा कल्लोळ ऐकूं आला. तो गिऱ्हाइकांपुढें कोण्या पुढाऱ्याची हुबेहूब नक्कल करीत होता. आम्ही पायरीशीं आलों, त्यानें आम्हांस पाहिलें, आणि वाक्य अर्धेंच तोडून अदबीनें म्हणाला, "या गुरुजी." केंस पिकलेला पन्नाशीचा गृहस्थ तो, पण आम्हांस पाहून आजहि गप्प होतो. आम्ही साखर घेतली आणि घरीं आलों.

नातीला आम्ही एवढेंच म्हणालों, "राग येणार नाहीं. मात्र चष्मा पुसण्याची तऱ्हा नीट पाहून घे. आम्ही डावी कांच आधीं पुसतों."

वहिनींच्या आक्षेपाला मात्र शास्त्राधारें उत्तर देणें भाग होतें, कारण त्या शास्त्राशिवाय ऐकत नाहींत. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत रूपकाचे दहा प्रकार सांगितले, त्यांत प्रहसन हा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याचे शुद्ध आणि संकीर्ण असे दोन भेदहि त्यांनीं केले; दहाव्या शतकांतील धनंजयानें आपल्या दशरूपकांत त्यांचे तीन केले. आणि प्रहसनांत हंसावयाचें कोणाला? चोराचिलटांना नव्हे; ढोंगी तापसांना, विप्रांना, प्रतिष्ठितांना. सातव्या शतकांत कांचीच्या पल्लव राजानें, महेंद्रवर्म्यानें, स्वतः मत्तविलास नांवाचें प्रहसन लिहिलें. त्यांतील कापालिकाची कवटी हरवते, तो बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, पाशुपत मध्यस्थीला येतो, आणि शेवटीं ती कवटी कुत्र्यानें पळविली होती असें निष्पन्न होतें. राजानें असें लिहावें आणि प्रजेनें हंसावें, यांत राज्य बुडालें नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. संस्कृत नाटकांतील विदूषक हा जातीचा ब्राह्मण असतो. शाकुंतलांतला माढव्य, मृच्छकटिकांतला मैत्रेय, स्वप्नवासवदत्तांतला वसंतक, सारे आपलेच भाऊबंद: मोदकावर डोळा ठेवणारे, भित्रे, अध्ययनांत यथातथाच. हीं नाटकें ज्या सभांतून होत तेथें विद्वान् ब्राह्मणहि बसलेले असत. त्यांच्यापैकीं कोणी उठून ज्ञातीचा अपमान झाला म्हणून आरडाओरड केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. स्वतःस हंसूं देणें हें त्या काळीं नागरपणाचें लक्षण होतें. आज आमच्यांतील पुष्कळांस तेवढें जमत नाहीं. आम्हांस स्वतःस चाळीस वर्षें जमलें नाहीं, हें वर सांगितलेंच.

एवढें झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "तें सगळें संस्कृतांतलं. मराठींत कोणी साधुसंतांनीं सोंगं घेतलीं का?" उत्तर तयारच होतें, आणि तेंहि विद्यानगरीच्याच जिल्ह्यांतलें. पैठणच्या एकनाथांनीं भारुडें रचलीं तीं सोंगांचींच: वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा. स्वतः ब्रह्मवेत्ता पुरुष, पण हलक्यांतल्या हलक्या मानलेल्या माणसाचा वेष शब्दांत घेण्यास कचरला नाहीं. आज युवक महोत्सवांत भारूड ही एक स्पर्धाच असते. नाथांचें नांव निघाल्यावर वहिनींनीं माळ पुन्हां हातीं घेतली. याचा अर्थ त्यांस उत्तर सांपडत नाहीं, असा आम्हीं लाविला.

आतां यादीकडे वळूं. प्रथम अर्थातच केंद्रीय युवक महोत्सव. तो साधारणतः पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या मागेंपुढें भरतो. नेमक्या तारखा विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग जाहीर करतो, तेव्हां महाविद्यालयांत चौकशी केल्याखेरीज तिकीट काढूं नये. चारहि जिल्ह्यांतील चमू येतात आणि एकाच वेळीं निरनिराळ्या मंचांवर एकांकिका, मूकाभिनय, लोकनाट्य, पोवाडा, लावणी, भारूड, वादविवाद, वक्तृत्व, रांगोळी, चित्रकला असें चाललेलें असतें. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांत एकांकिकेस तीस मिनिटें आणि नऊ पात्रें, प्रहसनास दहा मिनिटें आणि सहा पात्रें, नकलेस एकट्यास पांच मिनिटें, असें माप आहे. आणि प्रहसनांत अश्लीलता व बोचरी कुचाळकी नको, ही अट आहे. भरतमुनींस ती ऐकून समाधान वाटलें असतें. येथें चमकलेलीं मुलें राज्यांतील विद्यापीठांच्या इंद्रधनुष्य महोत्सवांत जातात. तो २००३ पासून सुरू आहे.

या विद्यापीठांत विनोदाची परंपराहि मोठी आहे. नाट्यशास्त्राचे अध्यापक लक्ष्मणराव देशपांडे यांनीं १९७९ सालीं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला, आणि बावन्न पात्रें एकट्यानें उभीं केलीं. मराठवाड्याची बोली तोंवर नाटकांत गड्याच्या तोंडीं घालावयाची, अशी रीत होती. देशपांड्यांनीं त्याच बोलींत सबंध घर बोलतें केलें, आणि मुंबई-पुण्याचा प्रेक्षक आम्हांस हंसतां हंसतां आमच्याबरोबर हंसूं लागला. ते २००९ सालीं निवर्तले. त्यांच्यासारखा गुणी माणूस कोणत्या वर्गांत मागच्या बाकावर बसला असेल हें सांगतां येत नाहीं; मास्तरांनीं छडी उचलण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेवावें.

दुसरें स्थान जानेवारीस. १४ जानेवारी हा आमच्या घरांत तिळगुळाचा दिवस. विद्यापीठांत तो नामविस्ताराचा दिवस आहे. ज्या शहरांत बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं मिलिंद महाविद्यालय काढून ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी वर्ज्य होती त्यांस पदवीपर्यंत नेलें, तेथील विद्यापीठास त्यांचें नांव द्यावें असा ठराव विधिमंडळानें १९७८ च्या जुलैंत केला. तो अंमलांत येण्यास १९९४ चा १४ जानेवारी उजाडला. मधल्या काळांत मराठवाड्यांत दलितांचीं घरें जळलीं, माणसें गेलीं. आम्ही तेव्हां तरुण होतों आणि आमच्या आळींत या विषयावर हलक्या आवाजांत काय बोललें जाई तें आम्हांस आठवतें. त्याचा अभिमान वाटावा असें त्यांत फारसें कांहीं नव्हतें. या दिवशीं दूरदूरचे लोक विद्यापीठाच्या महाद्वाराशीं येतात, गाणीं होतात, भाषणें होतात, आणि ग्रंथांचीं दुकानें लागतात. तिळगुळ वांटून झाल्यावर आमच्यासारख्या घरांनीं एकदां तेथें जाऊन उभें राहावें. गोड बोलण्याचें व्रत घेतलें, तर थोडें ऐकण्याचेंहि घ्यावें.

त्याच महिन्यांत एमजीएमच्या परिसरांतील महागामी गुरुकुल शार्ङ्गदेवाच्या नांवानें नृत्य-संगीताचा समारोह भरवितें. प्रयोगांच्या जोडीस सप्रयोग व्याख्यानें आणि चर्चाहि असतात. शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं होता. त्याचे आजोबा काश्मीरचे; नातू मात्र आमच्या दख्खनचा झाला. दिवसां राज्याचें दफ्तर सांभाळणाऱ्या या गृहस्थानें सात अध्यायांचा संगीतरत्नाकर लिहिला: स्वर, राग, प्रकीर्ण, प्रबंध, ताल, वाद्य आणि शेवटीं नर्तन. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धति त्याला पूर्वज मानतात. कचेरींतून आल्यावर आपल्यांत कांहीं त्राण उरत नाहीं असें जे म्हणतात, त्यांनीं हा समारोह अवश्य पाहावा.

जानेवारीच्याच सुमारास अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. परदेशी चित्रपट भाषा न कळतांहि किती कळतात याचा अनुभव घ्यावयाचा असल्यास तेथें जावें. शासनाचा वेरूळ-अजिंठा महोत्सव कांहीं वर्षें खंडित राहून २०२३ च्या फेब्रुवारींत विद्यापीठाजवळच्या सोनेरी महालांत पुन्हां भरला; पुढील खेपेची घोषणा वर्तमानपत्रांत पाहावी. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीस येते. एकनाथांनीं १५९९ सालीं त्या तिथीस देह ठेविला. आणि ज्यांस एवढ्या लांबचा प्रवास झेपत नाहीं, त्यांच्यासाठीं शेजारचें अंबाजोगाई आहेच. मुकुंदराजांच्या या गांवीं २५ नोव्हेंबरच्या सुमारास यशवंतराव चव्हाण स्मृति समारोह होतो. १९८३ चें साहित्य संमेलन, ज्याचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते, तें येथेंच झालें. धाराशिवानेंहि जानेवारी २०२० मध्यें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखालीं संमेलन भरवून दाखविलें. आपला जिल्हा मागासलेला म्हणून गळा काढणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

कांहीं व्यावहारिक सूचना. मुलांसोबत गेलेल्या वडीलधाऱ्यांनीं एक दिवस राखून ठेवावा. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं आणि अजिंठ्याचीं सोमवारीं बंद असतात, तेव्हां वार पाहून निघावें. एस. टी. नें १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें भाडें केलें आणि त्यापूर्वींच, ऑगस्ट २०२२ मध्यें, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास मोफत केला. सबब "खर्च फार" हें कारण आतां निदान आजींच्या बाबतींत पुढें करूं नये. सभागृहांत मोबाइल बंद ठेवावा, आणि आपल्या मुलाचें काम संपतांच उठून जाऊं नये. पुढें येणारें मूल कोणाचें तरी असतेंच. त्याचे आजोबा कदाचित् शेतांतील काम सोडून येऊं शकले नसतील. त्यांच्या वतीनें टाळी वाजविणें हा प्रेक्षकाचा धर्म होय.

आणि एक गोष्ट खास वहिनींसारख्यांसाठीं. विद्यापीठाच्या पाठीमागच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत, औरंगाबाद लेणीं म्हणतात तीं. त्यांतील सातव्या लेण्याच्या गर्भगृहांत सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचें एक शिल्प आहे: मध्यें नर्तकी आणि दोन्ही बाजूंस वाद्यें वाजविणाऱ्या सहा स्त्रिया. भगवान् बुद्धाच्या अगदीं समीप, देवघरांत म्हणावें अशा जागीं, शिल्पकारानें ही मैफल बसविली. आम्ही आप्तांस मोठ्या अभिमानानें तेथें नेतों आणि ही आपली संस्कृति असें सांगतों. दगडाची मुलगी नाचली तर संस्कृति, आणि आपल्या घरची मुलगी मंचावर उभी राहिली तर हंसें? या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, म्हणूनच आम्हीं घरांत हरकत घेतली नाहीं.

आतां गाऱ्हाण्याचा निकाल. गेल्या एकादशीस फराळानंतर नातीनें माजघरांत त्या दहा मिनिटांचा तिच्या वांट्याचा भाग करून दाखविला. भरतमुनींनीं हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत: स्मित आणि हसित उत्तमांचें, विहसित आणि उपहसित मध्यमांचें, अपहसित आणि अतिहसित अधमांचें. नातीनें लग्नपत्रिका हातीं घेतली तेव्हां वहिनी दांत न दाखवितां ओंठांतल्या ओंठांत हंसल्या, हें स्मित. भाजीवाल्याच्या पाटीवर लाल खूण झाली तेव्हां थोडासा आवाज निघाला, हें विहसित. आणि नातीनें चष्मा काढला, डावी कांच आधीं पुसली आणि "पुढें?" असें विचारलें, तेव्हां त्यांनीं पदर तोंडाशीं धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. डोळ्यांस पाणी येणें हें शास्त्राप्रमाणें अपहसित, म्हणजे अधम प्रकृतीचें. परंतु हें त्यांस सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्ही स्वतः कोणत्या पायरीवर होतों तें पाहावयास भान नव्हतें. चिरंजीवांनीं रोज पहाटे दोन तास अभ्यास, या अटीवर संमति दिली. वहिनींचीहि एक अट आहे: एस. टी. त त्यांस पुढची जागा मिळाली पाहिजे. त्याहि येणार आहेत.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बाजारांत त्या दुकानावर गेलों. साखर घरांत होती; तरी गेलों. तो "या गुरुजी" म्हणून उभा राहिला. आम्ही म्हणालों, "विद्यापीठांत आमच्या नातीचें प्रहसन आहे. तींत ती आमची नक्कल करते. पूर्वीं एकानें केली होती, त्याहून बरी करते कीं नाहीं, हें सांगणारा जाणकार पाहिजे. चलतोस का आमच्याबरोबर?" तो पुष्कळ वेळ तराजूच्या पारड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दुकान कोण पाहील, गुरुजी?" यावर आम्ही काय बोलणार? पायरी उतरूं लागलों, तोंच मागून आवाज आला, अगदीं आमचाच, नव्या मास्तराच्या वयाचा: "पुढें?"

आम्हीं वळून पाहिलें. त्याच्या हातांत चष्मा होता.

त्याचें येणें अद्यापि निश्चित नाहीं. तारखा जाहीर झाल्या म्हणजे पुन्हां विचारूं. तूर्त आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, या हंगामांत घरचें मूल जेथें जेथें उभें राहणार असेल, तेथें तेथें घरांतील एक तरी वडीलधारें माणूस खुर्चीवर बसलेलें असावें. पुढील अंकीं महोत्सवाचा वृत्तान्त सादर करूं, आणि सहांपैकीं कोणत्या पायरीपर्यंत गेलों तें प्रामाणिकपणें लिहूं. इत्यलम्.